निधान

चौतीस वर्षं बेळगाव स्टँडवर
मी गाड्यांच्या वेळा लिहिल्या.
आली सात दहा, सुटली सात पंचवीस,
उशिराचं कारण : पंक्चर.
डबासुद्धा दोन गाड्यांच्या
मधल्या फटीत बसून संपवला.

आज हिडकलच्या पाण्याकाठी
अडिव्यप्पाच्या हरगोलात पाय टाकताना
सवयीनं मनगट पाहिलं.
घड्याळ हिनं घरीच उशीखाली सरकवलेलं,
न सांगता.

"बेटावर जायला किती वेळ?"
"निधान री, सायबा," अडिव्यप्पा म्हणाला
आणि वल्हं पाण्यात असं घातलं
जसं कुणी झोपलेल्याच्या अंगावरचं
पांघरूण सारखं करावं.

हरगोलाला ना नाक ना शेपूट.
तो फिरत फिरत पुढं जातो,
म्हणून बेट एकदा समोर,
एकदा पाठीशी,
एकदा हिच्या कानातल्या कुड्यांच्या आड,
आणि दर फेऱ्याला
एका बाभळीएवढं जवळ.
पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले.
त्यांनाही कुठं पोचायचं नव्हतं.

ही आणि अडिव्यप्पा बोलत राहिले.
हिचं माहेर हुक्केरीकडचं,
कन्नड घरातलं.
माझं तिकिटापुरतं :
एल्लिगे, एष्टु, चिल्लर कोडरी.
तेवढ्यावर नोकरी झाली, निवृत्तीही झाली.
गौरक्का, गौरक्का म्हणत
त्यानं हिला तिच्या गल्लीतली किती नावं सांगितली.
मला त्यातली
लग्नाला चाळीस वर्षं होऊनही नवी.

बेट म्हणजे काय, बुडालेल्या टेकडीचं डोकं.
सीताफळी, चार आंबे,
आणि सावली, हवी तितकी.
भाकरी, शेंगाची चटणी, दही.
मग गोकाकचा करदंट,
जो घाईनं खाताच येत नाही,
दाताला धरून बसवतो.
तो चघळत ही म्हणाली,
"तुमच्या मराठीत निधान पुरून ठेवतात.
आमच्या कन्नडात पुरवून वापरतात."
मी काही बोललो नाही.
तोंडात करदंट होता.

ऊन कललं तसा उगीच चालत गेलो
तर गवताखाली पायाला डांबर लागलं.
रस्ता. एका बसपुरता रुंद.
उगवतीच्या पाण्यातून वर आलेला,
बेट ओलांडून
मावळतीच्या पाण्यात उतरलेला,
वळणसुद्धा चुकवलेलं नाही.
कडेला मैलाचा दगड.
गावाचं नाव दगडफुलानं खाल्लेलं,
आकडा तेवढा शाबूत : चार.
नाव कुठल्या लिपीत होतं
ते आता त्या दगडालाही सांगता येणार नाही.

मी दगडावर बसलो.
आयुष्यात पहिल्यांदा
प्रवाशासारखा.
ही मागून आली, पदरानं दगड पुसून
शेजारी टेकली.
"कुठली गाडी?"
"साडेपाचची. वस्तीची."
दोघं वाट बघत राहिलो.
पाण्यावर वारा आला, गेला.
खाली, खोल, कुणाच्या तरी अंगणात
मासे आपापल्या कामाला चाललेले.
गाडी आली नाही.
उशिराचं कारण मी कुठं लिहिलं नाही.

परत आलो तेव्हा काठावर
बेळगावची बस नुकतीच सुटलेली,
तिची धूळ अजून रस्त्यावर उभी.
पूर्वीचा मी असतो तर धावलो असतो,
शिट्टीही मारली असती.

हिनं पिशवीत हात घालून
उरलेला करदंट काढला,
मोठा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला
आणि धुळीकडं बघत
धाकटा स्वतःच्या तोंडात टाकला.